डांबऱ्याचा फोटो

बेबी गेली त्याच्या पाचव्या दिवशी आमच्याकडे जलदानविधी झाला. खुर्चीवर पांढरं कापड टाकून तिचा फोटो ठेवला होता. पुढे मेणबत्त्या होत्या. तिची आई भिमाबाई भिंतीला टेकून बसली होती. बुद्धवंदना आटोपली, माणसं जेवायला उठली, तसं तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"जवाई, हे पोरगी कोण हाये?"

"कोणती, मामी?"

"थे. फोटोतली."

मला वाटलं, रडून रडून तिचे डोळे गेले. मी म्हणालो, "मामी, बेबी हाये ते."

तिने पुन्हा नीट पाहिलं. मग म्हणाली, "काऊन थट्टा करता? माही बेबी अशी कुठी होती? हे तं कोण्या सेठाची पोरगी दिसते."

कोणीतरी म्हणालं, म्हातारीला दिसत नाही. पण म्हातारीला चांगलं दिसतं. तुरीच्या डाळीतला बारीक खडा ती अजून बोटाने उचलते. तिचं खरं होतं. तो फोटो मीच केलेला होता, म्हणून मला माहीत होतं.

मी धामणगाव बढे इथे चौतीस वर्षांपासून फोटो स्टुडिओ चालवतो. पुढे स्टुडिओ, मागे घर. आमच्या धंद्यात एक गोष्ट न सांगता करायची असते. माणूस सावळा असो की काळा, फोटोत उजळ करून द्यायचा. आधी पावडर लावायचो आणि समोरून दोन लाइट मारायचो. मग कॉम्प्युटर आला, तेव्हा स्क्रीनवरची एक पट्टी सरकवली की झालं. लग्न जमवायचा फोटो, बँकेचा फोटो, मयताचा फोटो, सगळे उजळ. लोक खुश होऊन जात. ज्यांनी सांगितलं नाही त्यांचेही मी उजळवत होतो. हाताला सवय झाली होती.

बेबी काळी होती. सावळी नव्हे, काळी. तिचा फोटो काढला की माझा हात आपोआप त्या पट्टीवर जायचा. लग्नातला फोटो पावडरचा, पोरीच्या बारशातला लाइटचा, नंतरचे सगळे कॉम्प्युटरचे. आधार कार्डावर उलटं झालं होतं, तिथे नुसता काळा डाग दिसायचा. ती म्हणायची, "घरात मी मैदा, सरकारात मी कोळसा. मंधातली मी कोणीच नाई पाह्यली."

आम्ही दोघं हसायचो. मी हसायचो ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

जाताना भिमाबाई जीपमध्ये बसली आणि मला म्हणाली, "वर्षाले येईन मी. जगली तं येईन. तवा माह्या पोरीचा फोटो ठेवजा, जवाई. हा नोको."

मी हो म्हणालो.

मग मी शोधायला लागलो. अल्बम काढले, निगेटिव्हचे डबे काढले. आमची मुलगी मयुरी खामगावला दवाखान्यात नर्स आहे. तिच्या मोबाइलमध्ये आईचे बरेच फोटो होते, पण तो मोबाइल स्वतःच माणसाला गोरा करतो. गालावरची खूणसुद्धा पुसतो. बेबीच्या गालावर लहानपणी चुलीचा निखारा उडून पडल्याचा डाग होता. एकाही फोटोत तो डाग नाही. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मूळ फोटो होते, न उजळवलेले. तो कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी लाइटचा दाब वाढला तेव्हा जळाला. खामगावच्या मेकॅनिकने डिस्क हातात घेऊन हलवली आणि म्हणाला, "काका, यात आता काही नाही."

मी एकदा उजळवलेल्या फोटोलाच काळा करून पाहिला. पट्टी उलटी सरकवली. ती चिखल लावल्यासारखी दिसली. मी कॉम्प्युटर बंद केला.

असे अकरा महिने गेले. फेब्रुवारीच्या वीस तारखेला वर्ष होणार होतं.

जानेवारीत एक दिवस दुपारी इंद्रभान आला. इंद्रभान आमच्या इथला वांगी-मिरचीवाला शेतकरी, शेत डोंगराच्या अंगाला आहे. राहतोही तिथेच. त्याने गाडी स्टँडवर लावली आणि दारातूनच म्हणाला, "माणिकभाऊ, क्यामेरा घ्या अन् चला. डांबऱ्याचा फोटो काढाचा हाये."

"इंद्रभान, कुत्र्यांचे फोटो बंद केले मी."

"काऊन?"

"धरणारी गेली."

तो आत आला. मग बाकावर बसला. "भाऊ, मले समजते. पण त्याचं तोंड पांढरं पडून राह्यलं. मागचे पाय बी वढते. हा उन्हाळा काढते का नाई, काई भरवसा नाई. वैनीनंच त्याचा पयला फोटो काढाले लावला होता ना? मंग शेवटचा तुमी नाई काढणार तं कोण काढन?"

तो पहिला फोटो सांगितला पाहिजे.

सात वर्षं झाली त्याला. इंद्रभान पहाटे वांग्याला पाणी द्यायला गेला होता. नाल्यातून अस्वल वर आलं, सोबत पिल्लू. आमच्याकडे अस्वल वाघापेक्षा वाईट. डांबऱ्या मध्ये उभा राहिला. इंद्रभान बाभळीवर चढेपर्यंत त्याने अस्वलाला सोडलं नाही. त्यात त्याचा डावा कान फाटला. पंधरा दिवसांनी जखम भरली तेव्हा इंद्रभान त्याला मोटारसायकलवर पुढे बसवून स्टुडिओत घेऊन आला.

"याचा फोटो काढा, भाऊ. मोठा. भिंतीवर लावाचा हाये."

"कुत्र्याचा?"

"कुत्र्याचा नाई. डांबऱ्याचा."

डांबऱ्या नावासारखाच होता. नखापासून नाकापर्यंत काळा, एक केस दुसऱ्या रंगाचा नाही. मी त्याला पांढऱ्या पडद्यापुढे उभं केलं आणि समोरून लाइट मारला. फोटो पाहिला तर पडद्यावर कुत्र्याच्या आकाराचं भोक. डोळे नाहीत, नाक नाही, फाटका कान नाही. मग मी मला येत होतं ते केलं. कॉम्प्युटरवर पट्टी सरकवली आणि त्याला उजळवला.

इंद्रभानने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "भाऊ, हे काय केलं? माह्या कुत्र्याले राखेत लोळवलं का? हे तं वांदर झालं!"

मागच्या दारात बेबी उभी होती. ती हसायला लागली. "आवो, त्याले बी उजळवलं का तुमी? त्याचं काय लगन जमवाचं हाये?"

इंद्रभान इतका हसला की डांबऱ्या भुंकायला लागला. मला राग आला. मी म्हणालो, "मंग तूच सांग कसा काढाचा."

ती म्हणाली, "पयले तं त्याले त्या पांढऱ्या पडद्यापासून काढा. पांढऱ्याच्या बाजूले काळं ठेवलं की काळं अजून काळं दिसते. मले इचारा. अन् लाइट बंद करा. समोरून उजेड आला की माहं तोंड सपाट दिसते, तव्यावाणी. बाजूनं आला की नाक दिसते, गाल दिसते. मी आरसा काऊन दाराच्या बाजूच्या भिंतीले लावला? पंचवीस वर्षं झाले, तुमी कधी इचारलं नाई."

खरंच मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिथे खिळा होता म्हणून.

आम्ही डांबऱ्याला मागच्या ओसरीवर नेलं. वर टिनाचं छप्पर, एका बाजूने मोकळं. मागे शेणाने सारवलेली भिंत. बेबीने गोणपाट ओलं करून इंद्रभानच्या हातात दिलं आणि त्याच्याकडून कुत्र्याचं अंग पुसून घेतलं. तशी त्याच्या केसांवर चमक आली. पण डांबऱ्या काही बसेना. इंद्रभान बाजूला झाला की त्याच्यामागे जायचा, आणि इंद्रभानने धरलं की त्याचं तोंड चाटायला वळायचा.

"तू धर," मी बेबीला म्हणालो.

ती थोडा वेळ उभीच राहिली. "चावत नाई ना?" तिने इंद्रभानला विचारलं.

"अस्वलाले चावते, वैनी. माणसाले नाई."

मग ती डांबऱ्याच्या बाजूला उकिडवी बसली. मानेवर हात ठेवायला तिने जरा वेळ घेतला. पण एकदा ठेवला तो काढला नाही. डांबऱ्या शांत बसला. बाजूने उजेड येत होता. तो त्याच्या पाठीवरून घसरत मानेवर आला, तिथून नाकावर. डोळ्यांत ओसरीबाहेरचं आभाळ दिसत होतं. मी कॅमेऱ्याला फक्त कुत्र्याच्या अंगावरचा उजेड मोजायला लावला आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर फोटो आला तेव्हा इंद्रभान जवळ आला. त्याने गमच्याने तोंड पुसलं. फोटोत डांबऱ्या काळा होता आणि पूर्ण दिसत होता. फाटका कान, मिशीचा एकेक केस.

बाजूला बेबी होती. ती स्क्रीनकडे वाकून पाहत होती. हळूच म्हणाली, "हे मी हाये."

मी सवयीने माउस पट्टीवर नेला. तिने माझं मनगट धरलं. "राहू द्या. मले उजळवलं तं कुत्रं बी उजळन."

म्हणून मी तो तसाच ठेवला. कुत्र्यासाठी. ती म्हणाली, "मले बी एक काढून देजा याच्यातला." मी म्हणालो, देतो. लग्नसराई होती. दिला नाही.

त्यानंतर लोक आपापले काळे कुत्रे घेऊन यायला लागले. मोताळ्याचे एक मास्तर आले, राखणदार आले, मेंढ्यावाले आले. दोन-तीन वर्षांत नऊ काळे कुत्रे झाले. नऊही बेबीने धरले. प्रत्येक फोटोतून मी तिला कॉम्प्युटरवर कापून टाकलं, कारण फोटो कुत्र्याचा होता. मूळ फोटो त्या जळालेल्या डिस्कमध्ये गेले.

तर इंद्रभान ऐकेना, म्हणून मी कॅमेरा घेतला आणि त्याच्या गाडीवर मागे बसलो.

शेतातल्या घरापुढे डांबऱ्या पडला होता. मला पाहून शेपटी हलवली, उठला नाही. तोंड खरंच पांढरं झालं होतं. इंद्रभानची बायको सरस्वतीबाई पाणी घेऊन आली. "या भाऊजी. बसा. वैनीले वर्ष होत आलं, नाई?"

"हो. पुढच्या मयन्यात."

मी खाटेवर बसलो, पाण्याचा गडवा तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीवर माझं लक्ष गेलं. डांबऱ्याचा फोटो. देवाच्या तसबिरींच्या बाजूला, तेवढाच मोठा. खिडकीतून ऊन यायचं म्हणून काळा रंग थोडा तपकिरी झाला होता. आणि त्याच्या मानेवर चार बोटं होती.

मी गडवा खाली ठेवला.

चार बोटं, मनगट आणि दोन हिरव्या बांगड्या. पुढे फ्रेमची पट्टी. त्या बोटांचा रंग मी सात वर्षांत पाहिला नव्हता. मी म्हणजे कसा माणूस, रोज तोच हात मला भाकर वाढायचा.

मग मला आठवलं. हा पहिला फोटो. हा मी कॉम्प्युटरवर कापला नव्हता, कारण तेव्हा इंद्रभान घाई करत होता. खामगावच्या लॅबमधून पूर्ण फोटो छापून आणला, आडवा. फ्रेम माझ्याजवळ होती ती उभी. मी कातर घेतली होती. बेबी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "जित्या माणसाले कातर नोका लावू. मांगं दुमडून टाका. जागा हाये ना फ्रेमीत."

आणि मी दुमडला होता.

"इंद्रभान," मी म्हणालो, "हे फ्रेम खोलू दे मले."

"काऊन? काई झालं का तिले?"

"तिच्यात बेबी हाये."

दोघं नवरा-बायको माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. सरस्वतीबाई इंद्रभानला हळूच म्हणाली, "भाऊजीले च्या ठेवू का? उन्हाचं आले ते." तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

मी त्यांना दुमडल्याचं सांगितलं. भिमाबाईचंही सांगितलं. सगळं बोलून झाल्यावर इंद्रभान उठला, खाटेवर उभा राहिला आणि फ्रेम काढून माझ्या मांडीवर ठेवली.

मागचा पुठ्ठा ओलीने फुगला होता. खिळे गंजले होते. इंद्रभानने पकडीने ते काढले. मी घाबरलो होतो. सात पावसाळे त्या भिंतीने पाहिले होते. कागद एकमेकांना चिकटला असला तर उलगडताना चेहराच निघून येणार. कसर लागली असली तर तेही गेलं. आणि दुसरी प्रत जगात नव्हती.

पुठ्ठा निघाला. दुमडलेल्या बाजूवर मी तेव्हा लावलेला पांढरा कागद होता. एका कोपऱ्याला कसरीने खाल्लं होतं. मी नख घातलं. कागद थोडा चिकटला होता, पण टोकाला. सरस्वतीबाई म्हणाली, "थांबा भाऊजी." तिने चुलीवरचं पातेलं आणलं आणि त्याची वाफ लांबून दाखवली. मला ती युक्ती माहीत नव्हती. कागद सुटला.

घडी तिच्या दंडावरून गेली होती. तिथे रंग फुटून पांढरी रेघ पडली होती. कसरीने खाल्लं ते लुगड्याच्या काठावर. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. डांबऱ्याच्या बाजूचा रंग उन्हाने उडाला होता, पण तिची बाजू सात वर्षं अंधारात होती, त्यामुळे कालच लॅबमधून आणल्यासारखी होती.

बेबी कुत्र्याकडे पाहत होती. बाजूने उजेड. नाक, गाल, गालावरचा निखाऱ्याचा डाग. ओठ दाबून धरले होते, हसू येऊ नये म्हणून धरतात तसे. काळी. आणि पूर्ण दिसत होती.

सरस्वतीबाई म्हणाली, "अयाई! वैनीच हाये वो." आणि पदराने डोळे पुसले. मी मात्र रडलो नाही. मला इतकं बरं वाटलं की रडायचं राहूनच गेलं.

मी फोटो इंद्रभानला परत द्यायला लागलो. म्हणालो, "इथंच सावलीत ठेवून त्याच्यावरून फोटो काढून घेतो. तुहा तुले ठेव."

"न्या ना भाऊ. वैनीचा हाये."

"डांबऱ्याचा हाये."

"मंग दोघायचा हाये. तुमी नवा छापा, दोन. पण मले बी दुमडलेला नोको आता. पुरा पायजे."

त्यांच्या ओसरीत सावली होती, एक बाजू मोकळी. तिथे फोटो ठेवून मी त्यावरून फोटो काढला, बेबीने शिकवलं तसा, बाजूच्या उजेडात. मग डांबऱ्याचाही काढला. त्याला धरावं लागलं नाही. तो आता कुठे जात नव्हता. त्याचं पांढरं तोंड मी पांढरंच ठेवलं.

खामगावला छापायला गेलो तेव्हा लॅबमधल्या माणसाने सवयीने विचारलं, "काका, बाईंचा चेहरा थोडा उजळ करू?" मी म्हणालो, "नको. कुत्रंही उजळेल." तो माझ्याकडे पाहत राहिला.

वीस तारखेला बेबीच्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. मयुरी दोन दिवस आधीच आली होती. तिने खुर्चीवर फोटो ठेवला, मागे सरकून पाहिलं, मग जवळ जाऊन फोटोतल्या डागावर बोट ठेवलं. एक नातेवाईक माझ्या कानाशी म्हणाले, "माणिकराव, पुण्यानुमोदनाले कुत्र्यासंगचा फोटो? एकटीचा नव्हता का?" मी म्हणालो, "एकटीचे लय होते. ते तिचे नव्हते."

इंद्रभान आणि सरस्वतीबाई मागे बसले होते.

भिमाबाई जगली होती. मेहकरहून बसने चिखली, बुलडाणा करत आली, तिच्या नातवासोबत. तिला मी पुढे बसवलं. तिने फोटोकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो.

वंदना झाली. तिने मला हाताने जवळ बोलावलं, मागच्यासारखंच.

"जवाई, हे कुत्रं कोणाचं हाये?"

मागून इंद्रभानने मान पुढे काढली. "माहं हाये, आजी."

"गुणाचं दिसते," भिमाबाई म्हणाली. मग पुन्हा फोटोकडे पाहत राहिली. "पण बेबीनं धरलं कसं वो त्याले? लहानपणी चावलं होतं तिले कुत्रं, पोटरीले. तवापासून लय भेयाची. कुत्रं दिसलं की माह्या लुगड्यात शिरे. पाहा ना, कशी भेल्यावाणी ओठ दाबून बसली."

मी फोटोकडे पाहिलं.

तेहतीस वर्षं संसार केला. गल्लीतल्या कुत्र्यांना ती रोज शिळी भाकर टाकायची, पण उंबऱ्यावरूनच टाकायची, खाली उतरायची नाही. पोटरीवरची खूण मी पाहिली होती. ती म्हणाली होती, तारेचं कुंपण लागलं. मला वाटलं होतं ती हसू दाबते आहे. डांबऱ्यासकट दहा कुत्रे धरले तिने. दहाही वेळा मी म्हणालो होतो, हलू नको, आणि ती हलली नव्हती.

"मामी," मी म्हणालो, "माह्यासाठी धरलं तिनं."

म्हातारीने मान हलवली. "मंग तुमी चांगले असान," ती म्हणाली. "जेवाले वाढा आता. लोक उभे हायेत."

मी वाढायला उठलो. वाढून झाल्यावर एक भाकर घेतली आणि उंबरा उतरून खाली गल्लीत गेलो.